विनूभियांचं संथ बिल्ड

सोमवारी दुपारी जेवणानंतर विनायक भागवत यांच्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर उचलून तिथे नवा बसवण्यात आला. नव्यावर पहिलं बिल्ड लावलं तेव्हा भागवत चपला घालायला खाली वाकले होते. ते सरळ उभे राहीपर्यंत बिल्ड संपलं होतं. पडद्यावर हिरवी खूण आली. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. भागवत यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हे शिजलेलं नाही."

टाळ्या थांबल्या. नेमकं काय बिघडलं, ते कोणालाच कळलं नाही.

भागवत यांना ऑफिसात सगळे इंदुरी पद्धतीने विनूभिया म्हणतात. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, राहायला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. पणजोबा होळकरांच्या कचेरीत दप्तरदार होते. "आमच्या घराण्यात कागद घाईने पुढे सरकवायची रीत नाही," असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. आमची कंपनी स्नेहलतागंजमध्ये, स्टेशनच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. शाळांची वेळापत्रकं लावणारा प्रोग्राम आम्ही बनवतो. कोणते सर, कोणता वर्ग, कोणता तास. मी आधी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. इथे प्रोग्राम कसा वापरावा याची पुस्तिका लिहितो. माझं टेबल विनूभियांच्या शेजारी आहे, त्यामुळे पुढची बरीचशी माहिती प्रत्यक्ष पाहिलेली आहे.

प्रोग्राम ज्या खिडकीत लिहितात तिला एडिटर म्हणतात. हल्लीचे एडिटर आपण दोन अक्षरं लिहिली की पुढचा शब्द स्वतःच सुचवतात. बाकीचे लोक बटण दाबून तो शब्द घेतात आणि पुढे जातात. विनूभिया सूचना आली की दोन्ही हात कीबोर्डवरून वर घेतात. "बोल. आधी तू बोल, भिया. तुझं झालं की मी लिहितो." सूचना विझेपर्यंत ते थांबतात. विझली की नेमका तोच शब्द, एकेक अक्षर दाबून, स्वतः टाइप करतात.

पिवळ्या अक्षरांत येणाऱ्या वॉर्निंगना ते लग्नात रुसलेले काका म्हणतात. "ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, पानात एक जलेबी जास्त वाढायची. पंगत नाही थांबवायची." मागच्या वर्षी ऑफिसने सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर स्वतःहून प्रोग्राम लिहिणारा एआय बसवला. त्याला ते जावईबापू म्हणतात. त्यांचं मत असं की जावईबापू बोलतात ते चूक नसतं, फक्त या घरात कुठल्या डब्यात काय आहे ते त्यांना पता नसतं. अपडेट करा अशी पाटी आली की "या, बसा, चहा घेणार?" म्हणून ते ती कोपऱ्यात सरकवून ठेवतात. कधीकधी कोपऱ्यात अशा पाट्यांची चळत लागलेली असते.

या सगळ्याची आम्हाला सवय झाली होती. बिल्डची झाली नव्हती.

बिल्ड म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चालण्याजोगा करण्याची शेवटची पायरी. कॉम्प्युटर एकेक फाइल वाचतो, तपासतो, एकमेकींना जोडतो. तेवढा वेळ पडद्यावर ओळी सरकत राहतात. ऑफिसात कोणाचंही बिल्ड एक सिगारेट होईपर्यंत आटपतं. विनूभियांचं दुपारभर चालायचं. डबा खाल्ला की ते बिल्ड लावायचे, ओळी सरकू लागल्या की त्या फोनवरही दिसतात याची खात्री करायचे, "शिजू द्या, झाकण उघडू नका," असं सगळ्यांना बजावायचे आणि जिना उतरून जायचे. चहाच्या वेळेनंतर परत यायचे. बिल्ड तेव्हाच संपत आलेलं असायचं. मग दिवेलागणीपर्यंत मान खाली घालून काम. त्यांचं काम कधी उशिरा आलं अशी नोंद नाही.

ते जातात कुठे, याबद्दल ऑफिसात एकवाक्यता नव्हती. एक गट म्हणायचा, घरी जाऊन झोपतात. पण बडा गणपती जवळ नाही आणि त्यांची स्कूटर खाली उभीच असायची. दुसरा गट म्हणायचा, राजवाड्याजवळ भाच्याचं कापडाचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसतात. त्यांना भाचा नाही, हे नंतर स्पष्ट झालं. कचोरीचा तर्कही मागे पडला, कारण इंदूरचा माणूस कचोरी खाऊन आला तर ती कुठे खाल्ली हे सांगितल्याशिवाय राहत नाही.

आमच्याकडे ऋचा पंडित ही नवी इंजिनिअर आली. सगळ्यांची बिल्ड आणखी जलद करण्याचं काम मॅनेजर दुबेजींनी तिला दिलं. ती आठवडाभर विनूभियांच्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि दिवसेंदिवस जास्त गोंधळत गेली.

"विनूभिया, कालच्या बिल्डमधलं तयार काम कॉम्प्युटर राखून ठेवतो ना? ते तुम्ही रोज दुपारी उडवून का टाकता?"

"कालच्या पोह्यांना आज फोडणी देतात का?"

"फाइल आहेत त्या, भिया. पोहे नाहीत."

"शिळं ते शिळं."

"आणि प्रोसेसरचे आठ कोअर आहेत, तुम्ही एकच चालू ठेवलाय. बाकीचे सात फालतूमध्ये बसून राहिलेत."

"लाइनीत या म्हणून सांगितलंय त्यांना. सगळे एकदम घुसले की सराफ्यातली शनिवारची गर्दी होते. धक्काबुक्की मला चालत नाही."

"अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघून राहिलाय. आम्ही सगळ्यांनी ते बंद केलंय. तुमच्याकडे मुद्दाम चालू दिसतं."

"झडती व्हायला पाहिजे. हल्ली कोणाचा भरोसा आहे?"

ऋचा माझ्या टेबलाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "जोशीजी, हे अडाणीपणाने झालेलं नाहीये. एवढं स्लो करायला फार डोकं लागतं."

तिने अहवाल दिला. दुबेजींनी विनूभियांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"भागवतजी, पूरी दुनिया फास्ट माँग रही है। आप धीमा क्यों कर रहे हो?"

"साहब, धीमी आँच."

"मैं हाथ जोड़ के पूछ रहा हूँ। दोपहर में जाते कहाँ हो?"

"बिल्ड लगा रहता है, साहब."

"वो तो लगा है। आप कहाँ जाते हो?"

"बिल्ड के लिए."

दुसरीकडे नोकरी तर करत नाहीत ना, हा संशय दुबेजींच्या मनात होता आणि तो त्यांनी बोलून दाखवला. विनूभियांनी त्याचा प्रतिवाद केला नाही. मग दुबेजींनी निर्णय दिला: सोमवारी नवा कॉम्प्युटर येईल. त्याच्या सेटिंग्ज ऋचाच्या पासवर्डखाली राहतील, विनूभियांना हात लावता येणार नाही. आणि त्यानंतर दुपारी खुर्ची रिकामी दिसली, तर कारण सांगावं लागेल.

विनूभियांनी लेखी हरकत घेतली. ईमेल एका ओळीचा होता: "जुन्या यंत्राविषयी माझी तक्रार नाही, सबब बदलाचं कारण दिसत नाही." त्यांना पाहिजे होतं ते एकच. दुपारचं बिल्ड दुपारभर चाललं पाहिजे. का, ते सांगायला ते तयार नव्हते, आणि विचारायला आता कोणी उरलं नव्हतं.

तर सोमवारी हिरवी खूण आली. विनूभियांनी पुन्हा बिल्ड लावलं. ते पहिल्याहून लवकर झालं. तिसरं त्याहूनही लवकर. "अरे, जरा दम खा," ते कॉम्प्युटरला म्हणाले. आवाज नेहमीच्या थट्टेचा नव्हता. मग ते उठले आणि दुबेजींच्या केबिनमध्ये गेले. या वेळी दार लावून घेतलं.

त्यांचा फोन टेबलावर राहिला होता. तो वाजला. 'वृषाली वहिनी' असं नाव दिसत होतं. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर ऋचाने उचलला. मी शेजारीच होतो. स्पीकरमुळे मलाही ऐकू येत होतं.

"भावजी, कुठे आहात? सर तयार होऊन बसलेत. बिल्ड कुठपर्यंत आलं, विचारून राहिलेत."

ऋचाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या बिल्डची चौकशी कोणा वहिनींच्या घरून का व्हावी?

"विनूभिया केबिनमध्ये आहेत," ती म्हणाली. "बिल्ड तर झालं."

"झालं?" पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "हळू बोला हो. त्यांना ऐकू जाईल. आणि भावजींना पाठवा, लवकर."

विनूभिया केबिनमधून बाहेर आले ते रिकाम्या हाताने. जुना कॉम्प्युटर परत मिळणार नव्हता. ऋचाने वहिनींचा निरोप सांगितला. त्यांनी फोन घेतला आणि जिन्याकडे धावले. मी त्यांना धावताना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. "फास्ट मी केलंय ना, मी पण येते," म्हणून ऋचा मागोमाग निघाली. तिच्या मागे मी.

लांब जायचं नव्हतं. मागच्याच गल्लीत तळमजल्यावरचं घर. दाराशी एक वृद्ध गृहस्थ इस्त्रीच्या सफारीत, खांद्याला चामड्याची बॅग लावून, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. हे दिघे सर. वृषाली वहिनी त्यांच्या सूनबाई. वहिनींचे यजमान पीथमपूरला कारखान्यात असतात, रात्री येतात.

सरांनी विनूभियांच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि ओळींवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले. शेवटी हिरवी खूण होती.

"झालंय की," सर म्हणाले आणि उठले. "मग निघायला पाहिजे. भोपाळची बस चुकेल."

विनूभिया दारात आडवे उभे होते.

वहिनींनी आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशी घेतलं आणि घाईघाईने सांगितलं ते असं. ऐंशीला टेकलेले दिघे सर एके काळी याच घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास घेत. पुढे सरकारी कचेऱ्यांसाठी प्रोग्राम बनवू लागले. विनूभिया त्यांचे पहिले विद्यार्थी, मग पहिले कर्मचारी. तयार प्रोग्राम फ्लॉपीवर घालून सर स्वतः बसने भोपाळला नेऊन द्यायचे. आता त्यांना नातवाचं नाव आठवत नाही, सकाळी जेवलो का ते आठवत नाही. पण बिल्ड चालू असताना प्रोग्रामरने जागचं हलायचं नाही, आणि झालं की पोहोचवायला निघायचं, हे आठवतं. मागच्या थंडीत कोणीतरी सहज "झालं" म्हणालं. सर बॅग घेऊन निघाले आणि संध्याकाळी देवासच्या बस-स्टँडवर सापडले. तेव्हापासून विनूभिया रोज दुपारी येतात.

"बिल्ड चालू आहे म्हटलं की शांत बसतात," वहिनी म्हणाल्या. "जेवतात, गोळ्या घेतात, डोळा लागतो. मला पण घरातलं काही करता येतं. चहा झाला की मग काही निघायचं म्हणत नाहीत."

"पण मग नुसतं चालू आहे म्हणायचं ना," ऋचा म्हणाली.

"ओळी वाचतात ना ते! प्रत्येक ओळीपुढे वेळ असते, ती भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघतात. एकदा भावजींनी आदल्या दिवसाचं दाखवलं. म्हणाले, हे कालचं आहे, मला काय दूधखुळा समजता?"

पुढच्या खोलीत सर म्हणत होते, "बाजूला व्हा हो. माझा रस्ता का अडवता?"

ऋचा त्यांच्यासमोर गेली. "सर, बिल्ड झालं. पण टेस्ट बाकी आहेत."

सर थांबले. चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं. "टेस्ट लावल्या नाहीत?"

"लावतेच आहे."

"मग बस कशी पकडणार?" सर रागावले आणि बॅग खांद्यावरून उतरवून खुर्चीत बसले. "टेस्ट केल्याशिवाय इथून काही गेलेलं नाही. लावा आधी."

प्रोग्राम बरोबर चालतो की नाही, हे तपासणारे छोटे प्रोग्राम म्हणजे टेस्ट. आमच्या कंपनीत त्या लिहायचं दर बैठकीत ठरतं. विनूभियांनी ऋचाला दाराबाहेर गाठलं. "बेटा, टेस्ट आहेत कुठे आपल्याकडे?"

"नाहीत ना, यार. त्याच लिहायला चाललेय." ती पळत ऑफिसकडे गेली.

त्यानंतर काही काळ फोनवर काहीच येत नव्हतं. सर घड्याळाकडे बघत होते. विनूभियांनी त्यांना पाणी दिलं, पंखा वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. मग एक ओळ आली. मग दुसरी. एकच शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांत तर नाही ना, एवढंच ऋचाने तपासायला लावलं होतं. पण प्रत्येक शाळेसाठी, प्रत्येक शिक्षकासाठी, प्रत्येक तासासाठी. आणि एकच कोअर चालू ठेवून. ओळी सावकाश येत राहिल्या. सरांनी पहिल्या ओळीची वेळ घड्याळाशी ताडली आणि सफारीचं वरचं बटण काढलं.

दुसऱ्या दिवशी ऋचाने दुबेजींना सांगितलं की टेस्ट लिहायला घेतल्या आहेत. ते खूश झाले. दुपारभर चालतात म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "ये फास्ट नहीं हो सकता?" ऋचा म्हणाली, "नहीं सर, इसको टाइम लगता है." विनूभिया दुपारी कुठे जातात हेही तिने त्यांना सांगितलं असावं. त्याला दुजोरा मिळालेला नाही. दुबेजींनी खुर्चीविषयी पुन्हा विचारणा केलेली नाही. त्याच आठवड्यात उज्जैनच्या एका शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या बाई एकाच वेळी दोन वर्गांत असल्याचं टेस्टमध्ये आढळलं. ते दुरुस्त करण्यात आलं.

विनूभिया अजूनही एडिटरसमोर हात वर घेतात. जावईबापूंवरचं मत बदललेलं नाही. ऋचा रोज सकाळी एखादी नवी टेस्ट घालते. ती पुरेशी संथ आहे की नाही ते विनूभिया पाहतात, आणि कमी वाटली तर "ही फार पळते" म्हणून परत पाठवतात.

गुरुवारी मी पुस्तिकेसाठी टेस्टविषयी काही विचारायला त्यांच्याबरोबर गेलो होतो. सर जेवून आरामखुर्चीत टेकले होते. विनूभिया स्टुलावर बसून त्यांना दिसेल असा फोन धरून होते. सर ओळी वाचत होते. मधेच त्यांनी मान वळवली.

"तुम्ही रोज येता. नाव काय तुमचं?"

"भागवत."

"भागवत?" सरांना बरं वाटलेलं दिसलं. "आमच्याकडे पण एक भागवत आहे. विन्या. ओळखता?"

"हो सर."

"बरेच दिवस दिसला नाही. कुठाय?"

"टेस्टवर बसलाय."

"मग काही उठायचा नाही तो." सरांनी डोळे मिटले. "जेवला का, विचारा त्याला."

"विचारतो, सर," विनूभिया म्हणाले. सरांचा डोळा लागला. फोनवर ओळी येत होत्या.